दुर्मिळ वनस्पतीस दोन गुण जादा

भाद्रपद लागला की मी अजून गादीखाली हात घालून बघते.

लग्न झाल्यापासून कित्येक वर्षं आमच्या गादीखाली झाडं असायची. जुन्या वर्तमानपत्राच्या घडीत एकेक रोप नीट पसरून ठेवायचं, त्यावर आणखी कागद, त्यावर गादी, आणि गादीवर आमचे हे. हर्बेरियम करायचं म्हणजे झाड दाबून, वाळवून, कागदावर चिकटवून त्याच्याखाली नावगाव लिहायचं. कॉलेजातले लाकडी दाब कधी पुरायचेच नाहीत. "माझ्या वजनाचा देशाला उपयोग झाला असेल तर तो एवढाच," असं हे येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे. घरभर एक वास भरून राहायचा, दमट कागदाचा, शाईचा आणि वाळत्या पानांचा. आमची मुलगी लहान असताना त्याला आईचा वास म्हणायची.

आता गादीखाली काही नसतं. चार वर्षं झाली, घरात आणि आमच्या विभागातही झाडं वाळवणं बंद आहे. पण हाताची खोड जात नाही. परवा गौरी आणायला म्हणून कळंबा तलावाच्या काठानं गेले, तेरड्याचा दाट ताटवा दिसला, आणि हात आपोआप पिशवीत खुरपं शोधायला लागला.

आमच्याकडं गौर म्हणजे तेरडाच. तो मुळांसकट उपटायचा, कारण मुळं म्हणजे गौरीची पावलं. माहेरी नेसरीला आम्ही पोरी ओढ्याकाठी पळायचो तेव्हा आई मागून ओरडायची, "दाट असंल तितलाच घ्या गं! एकट्या झाडाला हात लावायचा न्हाय, सांगून ठेवतो!" मी पुढं वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, डॉक्टरेट केली, पंचवीस-तीस वर्षं शिकवलं. आईचं हे एक वाक्य मात्र कुठं सांडलं कुणास ठाऊक.

तर भाद्रपद आलाय, आणि त्याच्याबरोबर विद्यापीठाचं पत्रही आलंय. पदवीच्या इकॉलॉजीच्या अभ्यासक्रमात काळानुरूप बदल सुचवावेत, आठ दिवसांच्या आत. आठ दिवस! अहो, भातालासुद्धा पोटरीला यायला सवड लागते. तीन वर्षांत पोरांनी काय शिकायचं ते आम्ही आठ दिवसांत सांगायचं, तेही गौरी-गणपतीत, घरात मोदकांची उकड निघत असताना. मी दिवसभर चडफडले. संध्याकाळी देसाई सरांचा फोन.

देसाई सर प्राणिशास्त्राचे. आमचे विभाग समोरासमोर आहेत आणि आमचं भांडण नोकरीइतकंच जुनं आहे. माणूस सोन्यासारखा, पण प्रत्येक गोष्टीला किती मार्क हे कळल्याशिवाय घास गिळत नाही.

"मॅडम, पत्र बघितलंत न्हवं? तुमच्या वहीवर परत चर्चा होणार बघा."

"होऊ दे की. मी अजून जिवंत आहे."

"तसं न्हवं. मलाच एक सुचवायचंय," ते म्हणाले, आणि काय ते न सांगता फोन ठेवला. देसाई सरांनी काही न सांगता फोन ठेवला म्हणजे काळजीचीच गोष्ट. मी दोन दिवस त्याच विचारात होते, आणि विचार करता करता चार वर्षांपूर्वीच्या त्या भाद्रपदात जाऊन पोचले.

त्या वर्षी सगळं नव्यानं लिहायचं होतं. अभ्यासक्रम कोरा, आणि उपसमितीत आम्ही दोघंच. रोज तास संपले की आमच्या विभागातल्या लांब टेबलाशी बसायचो. खिडकीबाहेर पाऊस कधी असायचा, कधी नसायचा. देसाई सर कोपऱ्यावरची कांदाभजी आणायचे आणि तेलकट बोटांनी आमच्या मसुद्याची पानं उलटायचे. प्रत्येक पानावर त्यांचा ठसा आहे, खरोखरचा.

"ऊर्जेचा प्रवाह, तास किती?"

"आठ."

"अन्नसाखळी?"

"बारावीला झाली की."

"घ्या परत. बारावीचं कुणाच्या ध्यानात राहतंय? माझ्या न्हाय."

असं चालायचं. जुना अभ्यासक्रम समोर ठेवून मी बघत होते. त्यात टुंड्रा प्रदेशाला चार तास होते. आमची राधानगरीकडची पोरं, ज्यांच्या घरात चार महिने कपडे चुलीवर वाळतात, ती टुंड्रातलं शेवाळ आणि रेनडिअर सुबक आकृतीसह काढून दाखवायची. गोठ्यामागच्या बांधावर काय उगवतं ते विचारलं की, "मॅडम, ते सिलॅबसमध्ये न्हाय." एकाच जिल्ह्यात पश्चिमेकडं माणूस पावसाला कंटाळून जातो आणि पूर्वेकडं त्याच आठवड्यात आभाळाकडं डोळे लावून बसतो. इकॉलॉजी शिकायला यापेक्षा चांगली शाळा कुठली? आणि आम्ही शिकवत होतो रेनडिअर. मी टुंड्रावर आडवी रेघ मारली तेव्हा देसाई सरांनी भजं तोंडात तसंच ठेवून माझ्याकडं बघितलं.

मला एवढंच पक्कं ठाऊक होतं की ही पोरं बाहेर गेली पाहिजेत. पुढं जाऊन जंगलं, ओढे, माळ सांभाळायची कामं ती करणार. त्यांना गप्प बसता आलं पाहिजे. एकाच जागी पुन्हा पुन्हा जाता आलं पाहिजे. गुराख्याला प्रश्न विचारता आला पाहिजे आणि त्याचं उत्तर शेवटपर्यंत ऐकून घेता आलं पाहिजे. हे सगळं तासांत कसं बसवायचं ते मात्र कळत नव्हतं. म्हटलं, आधी जागा ठरवू. माझ्या मनात जागा एकच होती, माझा सडा.

सडा म्हणजे डोंगरमाथ्यावरचं जांभ्या दगडाचं सपाट पठार. उन्हाळ्यात बघाल तर नुसता तापलेला तवा, अनवाणी पाऊल टेकवत नाही. आणि भाद्रपदात त्याच दगडावर बोटभर मातीत अशी फुलं येतात की पाय कुठं ठेवावा हा प्रश्न पडतो. निळी सीतेची आसवं, पांढरे गेंद, पिवळा कवला. माझा सडा राधानगरीच्या बाजूला आहे. नाव लिहीत नाही, रागावू नका.

मी पहिल्यांदा तिथं गेले ती बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला. आमचे सर रबरी चपला घालून पुढं चालायचे आणि मधेच हुकूम सोडायचे, "बसा सगळी खाली! उभ्यानं सडा दिसत नाही." बसल्यावर खरंच दिसायचा. मी गवतात नाक खुपसून बसले होते आणि नाकापुढंच ते होतं. वीतभर उंचीचं झाड, आणि त्याला एकच फूल, बारीकसा कंदील टांगल्यासारखं, वर पाकळ्यांची टोकं एकमेकांना चिकटून छप्पर झालेली. कंदीलपुष्प. माशी त्या नळीतून आत जाते, आतले केस तिला बाहेर येऊ देत नाहीत, रात्रभर ती तिथंच अडकते, आणि दुसऱ्या दिवशी केस सुकले की पराग घेऊन सुटते. जगात फार थोड्या ठिकाणी उगवणारं झाड, आणि ते माझ्या नाकापुढं. मी किंचाळलेच. सर पळत आले, गुडघ्यावर बसले आणि लहान पोरासारखे हसले. म्हणाले, "खण. हळू. कंद तुटता कामा नये."

मी सरांच्या चाकूनं खणलं. आवळ्याएवढा कंद निघाला. त्या दिवशी मी कोण होणार ते ठरलं असं मी सगळ्यांना सांगत आले, आणि ते खरंही आहे. तो नमुना आमच्या विभागात काचेच्या चौकटीत टांगलाय, खाली निळ्या शाईत माझं माहेरचं नाव.

पुढं मी शिकवायला लागले. तरुण होते, हौस दांडगी. अभ्यासक्रमाच्या कामात पहिल्यांदा हात घालायला मिळाला तेव्हा प्रात्यक्षिकाचा भाग माझ्याकडं आला. मी लिहिलं: प्रत्येक विद्यार्थ्याने पंचवीस वनस्पती मुळांसह वाळवून सादर कराव्यात. आणि मग, प्रत्येक पोराला माझ्यासारखं एकदा तरी किंचाळायला मिळावं म्हणून, आणखी एक ओळ घातली: दुर्मिळ वनस्पतीस दोन गुण जादा.

त्या ओळीचा मला अभिमान होता. आता सांगायला लाज वाटते, पण होता.

तर चार वर्षांपूर्वी देसाई सरांच्या गाडीतून आम्ही दोघं सड्यावर गेलो. मध्ये बरीच वर्षं मी स्वतः गेले नव्हते. गुडघे कुरकुरायला लागले तशी पोरांच्या सहली तरुण प्राध्यापकांच्या गळ्यात घातल्या होत्या. मी सरांना मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "चला, तुम्हाला कंदील दाखवते." सकाळी नऊला खाली बसले, दुपार झाली तरी उठले नाही. आसवं होती, गेंद होते, कवला होता. कंदील नव्हता. या दगडापासून त्या दगडापर्यंत रांगले. साडीला चिखल, देसाई सरांच्या पँटला चिखल. एकसुद्धा नाही.

तिथं आक्का म्हशी घेऊन आली होती. खालच्या वाडीतली, सत्तरीची असेल, डोक्यावर घोंगडीची खोळ. बराच वेळ आमची रांगारांगी बघून ती जवळ आली.

"काय हरवलं वो बाई? सोनं-बिनं पडलं काय?"

"कंदीलपुष्प बघतोय आक्का. तुमच्याकडं खरपुडी म्हणतात ना, ती."

"आता कुटली खरपुडी! संपली की ती."

मला वाटलं, कळलं. त्या कंदाला बटाट्यासारखी चव असते, गुराखी पोरं खणून खातात, हे आम्ही पुस्तकांतून लिहितही आलोय. मी जरा शिकवल्याच्या सुरात म्हटलं, "तुम्ही लोक कंद खणून खाता, त्यानं संपते ती."

आक्कानं काठी आपटली. "आमी खातो? माजी आज्जी खायाची, आई खायाची, मी खाल्लो, मग आजपतोर कशी ऱ्हायली वो? आमी म्हातारी उडाल्याबिगर खणत न्हाय!"

म्हातारी म्हणजे शेंग फुटल्यावर वाऱ्यावर तरंगत जाणारं रेशमी केसांचं बी, आपण सगळ्यांनी लहानपणी फुंकलेलं. आधी शेंग फुटू द्यायची, बी उडून जाऊ द्यायचं, त्यानंतर दिवाळीच्या पुढंमागं कंद. वाडीचा नियम होता तो, आणि कुणी कधी कागदावर लिहिला नव्हता.

"मग कुणी संपवली?" मी विचारलं.

"पावणं येत्यात की दर साली. गाडी भरून. गळ्यात पिशव्या, हातात खुरपी. फूल दिसलं की मुळापासनं उपाट. मी एका पोरीला म्हटलो, लेकी, शेंग तर येऊ दे. तर म्हंती कशी, आज्जी, याला दोन मार्क जास्ती हायत."

देसाई सर आयुष्यात पहिल्यांदाच मार्क हा शब्द ऐकून गप्प बसले.

मीही बसले, तिथंच, दगडावर. आमच्या वर्गात पोरं किती, वर्षं किती, कॉलेजं किती, असा गुणाकार मनात सुरू झाला आणि मी तो अर्ध्यात सोडून दिला. आमच्या परीक्षा दिवाळीआधी, म्हणून नमुने भाद्रपदात. म्हणजे बरोबर फूल असताना, शेंग यायच्या आत. शेंगा येईपर्यंत थांबलं तर सबमिशनची मुदत जाते. कुणी लाकूडतोड्यानं नाही, कुणी खाणवाल्यानं नाही. फुलांवर जीव टाकणाऱ्या माणसांनी, फुलांवर जीव टाकायला शिकवता शिकवता तो सडा रिकामा केला होता. दुर्मिळाला दोन गुण जादा देऊन मी ते आणखी दुर्मिळ केलं, आणि मग पार संपवलं.

परत येताना मी गाडीत रडले. देसाई सरांना काय करावं सुचेना. पाऊस नव्हता तरी त्यांनी वायपर चालू केला, आणि शहराच्या वेशीवरची फुलेवाडी येईपर्यंत तो तसाच कोरड्या काचेवर करकरत राहिला.

दुसऱ्या दिवशी मी ती ओळ खोडली. हर्बेरियमच खोडलं. त्या जागी लिहिलं: प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या आवडीचा एक चौकोन निवडावा, दोन्ही हात पसरले की मावेल एवढाच. तीन वर्षं, दर पंधरवड्याला तिथं जाऊन बसावं. जे दिसेल ते वहीत लिहावं. काहीही तोडू नये.

"आणि काहीच दिसलं न्हाय तर?" देसाई सर.

"तर 'नाही' असं लिहायचं."

"'नाही'ला मार्क?"

"'नाही'ला मार्क."

"मॅडम, पोरं घरात पंख्याखाली बसून तीन वर्षं 'नाही' लिहितील! माझा पोरगा असता तर त्यानं पहिल्याच दिवशी सगळी वही भरली असती."

यात तथ्य होतं. पोरं आपलीच आहेत, आपल्याला ठाऊक नाहीत होय? खूप भांडलो. तीन दिवस सरांनी भजी आणली नाहीत. शेवटी असं ठरलं की प्रत्येक नोंदीला रकाने असावेत: तारीख, वेळ, हवा, आणि ठिकाण. ठिकाण नेमकं, म्हणजे कुणालाही जाऊन पडताळता येईल. मीच माझ्या हातानं लिहिलं, ठिकाणाचा रकाना कोरा असल्यास दोन गुण कापावेत. दोन हा आकडा कसा काय आला, देव जाणे. जुनी सवय.

मग विद्यापीठाच्या अभ्यास मंडळाची बैठक. लांब टेबल, चहाचे कप, बिस्किटं. सगळं सुरळीत चाललं होतं, टुंड्रासुद्धा निमूट गेला. हर्बेरियमवर गाडी अडली. एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "इतकी वर्षं चाललंय. काय बिघडलंय म्हणून बदलायचं? आणि हे वहीचं खूळ म्हणजे तेरड्याचा रंग तीन दिवस." लोक हसले. देसाई सरांनी माझ्याकडं बघितलं. उत्तर एकच होतं, आणि ते द्यायचं म्हणजे सगळ्यांसमोर स्वतःचं नाव घ्यायला हवं होतं. मला तोपर्यंत आशा होती की त्याशिवाय भागेल.

मी उठले. म्हटलं, "बिघडलंय. आणि मी बिघडवलंय." सड्याचं सांगितलं, आक्काचं सांगितलं, ती दोन गुणांची ओळ कुणी लिहिली तेही सांगितलं. मग कोपऱ्यातले एक डोंगरी भागातल्या कॉलेजचे सर चष्मा पुसत म्हणाले, "आमच्याकडचीबी पोरं तेच करत्यात. दोन मार्कासाठी." त्यांच्या शेजारच्या बाईंनी मान हलवली. वही मंजूर झाली.

मंजूर झाली म्हणून सडा काही भरून आला नाही. ते मला ठाऊक होतं. पण त्यानंतरची वर्षं मात्र, खरं सांगते, माझ्या नोकरीतली सगळ्यांत लाडकी वर्षं आहेत. वह्या तपासायला घेतल्या की मी घरातल्यांशी बोलत नसे. एकानं कॉलेजच्या सायकल स्टँडमागचा चौकोन निवडला होता, कारण आळस, आणि दुसऱ्या वर्षी त्याच पोरानं तिथल्या मुंग्यांच्या रांगेवर सलग सहा पानं लिहिली होती. एकीची नोंद होती: "आज माझ्या चौकोनावर म्हैस बसली आहे. उठत नाही. निरीक्षण म्हशीचे केले." एकानं उसाच्या बांधावर चौकोन घेतला आणि ऊसतोडीनंतर लिहिलं, "सगळं उघडं पडलं. मला कसंतरी झालं. हे लिहायचं की नाही माहीत नाही." मी समासात लिहिलं, लिहायचं. देसाई सर 'नाही'च्या नोंदी भिंगानं तपासायचे, पोरांना उलटसुलट विचारायचे, आणि मग मुकाट्यानं मार्क द्यायचे.

पहिल्या वर्षाच्या पहिल्या तासाला मी काचेची चौकट भिंतीवरून काढून टेबलावर ठेवते. म्हणते, "हे सुंदर आहे ना? हे मी उपटलं. माझ्यामागून आलेल्या पोरांनी उरलेली उपटली, कारण मी त्यांना तसं सांगितलं. आता पान एक काढा."

गेल्या चैत्रात या अभ्यासक्रमाची पहिली तुकडी तोंडी परीक्षेला आली. त्यात अश्विनी होती. राधानगरीकडची, घरी आठ म्हशी, पहाटे धारा काढून डेअरीला दूध घालून कॉलेजला येणारी. वर्गात तीन वर्षांत तीन वाक्यं बोलली असेल. तिचा चौकोन माझ्याच सड्यावर होता. तिची वही म्हणजे 'नाही'चं भांडार. "कंदीलपुष्प: नाही." पुढच्या पंधरवड्याला, "नाही." पहिल्या वर्षी नाही, दुसऱ्या वर्षी नाही. मी पानं भराभर उलटत होते, आणि तिसऱ्या वर्षाच्या भाद्रपदाच्या पानावर माझं बोट थांबलं.

"चौकोनाकडे जाताना वाटेत. कंदीलपुष्प. एक. माशी आत गेली, बाहेर आली नाही. उद्या बघणार."

खाली दुसऱ्या दिवसाची नोंद, माशी सुटल्याची वेळ घड्याळ लावून लिहिलेली. पुस्तकात ती वेळ सापडत नाही, तिथं जाऊन बसल्याशिवाय ती लिहिता येत नाही. मग दोन शिंगांसारख्या शेंगा, पेन्सिलीनं काढलेल्या. मग दिवाळीनंतरचं पान: "शेंग फुटली. म्हातारी उडाली. सात मोजल्या. पुढच्या मोजायच्या राहिल्या, बघतच बसलो." आमच्याकडच्या बायका अशाच बोलतात, मी गेलो, मी बसलो. कॉलेजात आल्यावर मी ते घालवलं. तिनं वहीतही ठेवलं होतं.

मी वही सरांकडं सरकवली. तेवढ्या चार नोंदींत ठिकाणाचा रकाना कोरा होता. बाकी सगळ्या वहीत भरलेला, नेमका, दगडाच्या खुणेसकट.

"कुठं?" मी विचारलं.

अश्विनी खाली बघत राहिली.

"फोटो काढलास?"

"न्हाय मॅडम. फोटूत जागा कळती."

"अगं, मला तरी सांग. मी कुणाला सांगणार नाही."

तिनं वर बघितलं, माझ्याकडं नाही, माझ्या डोक्यावरून भिंतीकडं, त्या चौकटीकडं. "तुमालाबी न्हाय सांगणार, मॅडम. राग मानू नका."

देसाई सर खुर्चीत पुढं सरकले. "बाळ, रकाना कोरा आहे. नियमानं दोन मार्क जातील. तुझी श्रेणी एकानं खाली येती बघ. नीट विचार कर."

"जाऊ देत की सर."

इतकंच. नमस्कार करून ती गेली. तिला दूध घालायला संध्याकाळची एस.टी. गाठायची होती.

मला वाईट वाटलं. का नाही वाटणार? ज्या झाडासाठी मी दगडावर रांगले, रडले, भर बैठकीत उभी राहिले, ते कुठं आहे हे माझीच पोरगी मला सांगेना. आणि त्याच वेळी असा काही अभिमान वाटला की मला खिडकीशी जाऊन उभं राहावं लागलं. ज्या दोन गुणांसाठी पोरांनी ते झाड उपटलं होतं, तेच दोन गुण हिनं त्याच्यावरून ओवाळून टाकले होते. मी परत येऊन बसले आणि लाल पेनानं दोन गुण कापले. आजवर एवढ्या मायेनं मी कुणाचे गुण कापले नव्हते.

काल देसाई सर घरी आले. गौरीपुढं बसून करंजी खाताना त्यांनी शेवटी जे सुचवायचं होतं ते सुचवलं.

"मॅडम, मसुद्यातून ठिकाणाच्या रकान्याची सक्ती काढून टाकूया. दुर्मिळ काही असेल तर कोरा सोडला तरी चालेल, असं लिहू. त्या पोरीची श्रेणी गेली ते मला अजून बोचतंय."

बघा! मार्कांशिवाय घास न गिळणारा माणूस. मी विचार करत होते, त्यांनी तेवढ्यात दुसरी करंजी संपवली.

"नको सर," मी म्हटलं. "रकाना राहू दे. कापायचे दोन गुणही राहू देत."

"अहो, पण अन्याय होतो की!"

"होतो. कबूल. पण कोरा सोडून मार्क मिळायला लागले तर उद्या सगळेच कोरा सोडतील, आणि कुणाला खरंच काय सापडलं ते आपल्याला कधी कळायचं नाही. ज्याला सापडेल त्याच्या हातात सोडून द्यायला काहीतरी पाहिजे. स्वतःचं काही सोडलं तरच ते झाड त्याचं होतं, नाहीतर उद्या तो झाडच देऊन टाकेल."

सरांनी तिसरी करंजी उचलली. मग म्हणाले, "आणि समजा आपणच जाऊन बघितलं तर? ह्या भाद्रपदात फुललेलं असणार. तुम्हाला तो सडा पाठ आहे. हळूच जाऊ, हळूच येऊ."

"नाही."

"नुसतं बघायचं."

"मीसुद्धा पहिल्यांदा नुसतं बघायलाच खाली बसले होते, सर."

त्यांनी हात धुतले, छत्री उचलली आणि गेले. मी मसुदा पुन्हा वाचला, एक अक्षर न बदलता पाठवून दिला आणि दुपारची जरा आडवी झाले. हात सवयीनं गादीखाली गेला. काही नव्हतं. सड्यावर कुठंतरी तो कंदील आत्ता उघडला असेल, एखादी माशी आत शिरत असेल, आणि कुठं ते मला माहीत नव्हतं. मला लगेच झोप लागली.